कड्यातून गेलं ते नरड्यातून गेलं

उजव्या हाताच्या अंगठ्याचं नख गार्डसाहेब मुद्दाम वाढवत. बाकीची नऊ नखं दर रविवारी अंगणात बसून काढायचे, दहावं तेवढं राखायचे. दिसायला ते काही चांगलं नव्हतं. जाड, पिवळसर, टोकाला जरा वाकलेलं. पण त्या नखाची आमच्या गल्लीत आणि पुढे पुढे दारव्ह्याच्या बाजारातही दहशत होती. कुठलीही वस्तू हातात आली की ते आधी तिच्यात नख रोवून पाहत. रुतलं तर मान डोलवत. नाही रुतलं तर वस्तू परत करत आणि म्हणत, "नापास."

ही सगळी परीक्षा पार्सलसाठी. पार्सल हा त्यांचा कुत्रा.

ते रेल्वेतून निवृत्त झालेले गार्ड होते. मूर्तिजापूर ते यवतमाळ अशी जी छोटी गाडी धावायची, तिच्या शेवटच्या डब्यात त्यांची सगळी नोकरी गेली. गावात त्यांना कोणी नावानं ओळखत नसे, सगळे गार्डसाहेबच म्हणत. नोकरीच्या शेवटच्या वर्षी त्यांच्या डब्यात कुणीतरी वेताच्या टोपलीत एक पिल्लू ठेवून दिलं. टोपलीला चिठ्ठी नाही, पत्ता नाही. तीन दिवस वाट पाहिली, मागायला कोणी आलं नाही, तेव्हा टोपलीसकट घरी घेऊन आले. बेवारस पार्सल म्हणून त्याचं नाव पार्सल. तांबूस रंगाचा, एक कान उभा, एक कान पडलेला असा तो कुत्रा होता आणि त्याला चावायला सतत काहीतरी लागे. पिल्लू असताना त्यानं खाटेचे दोन पाय कुरतडले, साहेबांच्या टोपीचा काळा चमकता काठ खाल्ला आणि एकदा लाल झेंडी फाडून टाकली.

"हिरवी ठिवली पठ्ठ्यानं," साहेब कौतुकानं सांगत. "गाडी थांबवाची नाई म्हणते."

कुत्र्यानं वस्तू चावल्या म्हणून त्याला मारणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. गार्डसाहेबांनी कधी हात उचलला नाही. "त्याचे दात सळसळतात, त्याले मी काय करू? त्याले चावाले काय द्याचं ते माहं काम आहे," असं ते म्हणत. हे काम त्यांनी रेल्वेची ड्यूटी केली तसंच केलं. चावायला द्यायच्या वस्तूला त्यांनी नावही ठेवलं होतं, "चावणं". पार्सलचं सकाळचं चावणं, संध्याकाळचं चावणं.

मी दारव्ह्याला मुलींच्या शाळेत लागले ती एकोणसाठच्या जूनमध्ये. बरोबर आई होती. वडील मी लहान असतानाच गेलेले. आमचं गाव आर्णीकडचं. छप्पनच्या दसऱ्याला आई वस्तीतल्या बायांबरोबर नागपूरला गेली आणि दीक्षा घेऊन परत आली. त्याच महिन्यात आमच्या वस्तीनं मेलेली ढोरं ओढायचं काम बंद केलं. त्यावरून गावात काय काय झालं ते सांगायची ही जागा नाही. मला नोकरी लागली तेव्हा आई म्हणाली, आता गाव पुरे. पण दारव्ह्यात खोली मिळेना. चार घरं झाली. आडनाव सांगितलं की कुणाकडे पाहुणे येणार असत, कुणाची खोली कालच गेलेली असे.

पाचवं घर गार्डसाहेबांचं. ते अंगणात उकिडवे बसून एका दोरखंडाचे सुटलेले धागे कात्रीनं कापत होते. मी खोलीचं विचारलं. त्यांनी वर पाहिलं, आईकडे, मग माझ्याकडे, आणि पहिलाच प्रश्न केला, "घरात मटन शिजते का?"

आई ताठ झाली. "शिजते. काहून?"

"मंग हाडकाचं काय करता?"

आईच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला तो मला अजून दिसतो. ती हळू पण स्पष्ट बोलली. "साहेब, हाडकं, कातडं, ढोरं वढणं, आमी समदं सोडलं. छप्पन सालीच सोडलं. तुमाले खोली द्याची नसन तर तसं सांगा. हाडकं काढू नोका."

गार्डसाहेब बुचकळ्यात पडले. कात्री खाली ठेवली. थोड्या वेळानं त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण ते घाईनं उठले आणि त्यांचा गुडघा करकन वाजला.

"नाई, नाई, माय. मी बकऱ्याच्या हाडकाचं इचारून राह्यलो. जेवण झाल्यावर तुमी कुठी टाकता म्हनून. माहा कुत्रा आहे. शिजलेलं हाडूक कुत्र्याले द्याचं नसते. शिजलं का ते ठिसूळ होते, चावलं का काचावानी फुटते अन् टोक नरड्यात घुसते. मटन तुमी रोज शिजवा, माहं काई म्हणणं नाई. हाडकं फक्त कागदात बांधून माह्या हाती द्या. मी पुरतो."

आई त्यांच्याकडे पाहत राहिली. मग तिला हसू आवरेना. खोली मिळाली. आडनाव त्यांनी विचारलंच नाही, पुढे कितीतरी दिवसांनी माझं पत्र आलं तेव्हा त्यावर वाचलं. समोरच्या घरातल्या काकूंनी मात्र पहिल्याच आठवड्यात त्यांना गाठलं. भाडेकरू कोण आहेत हे ठाऊक आहे का, असं विचारलं. मी आत भाकरी थापत होते, मला सगळं ऐकू येत होतं.

"पार्सलनं वास घेतला, शेपटी हालवली," गार्डसाहेब म्हणाले. "मले तेवढं पुरते."

चावण्याच्या परीक्षेचे त्यांचे नियम होते आणि ते त्यांनी कुठल्या पुस्तकात वाचले नव्हते. नखाचा नियम पहिला. ज्यात नख रुतत नाही ते कुत्र्याच्या दाताला भारी. झरीकडच्या जंगलखात्यातल्या एका ओळखीच्यानं त्यांना सांबराचं शिंग आणून दिलं होतं. लोक म्हणाले, कुत्र्याला याच्याइतकं चांगलं काही नाही, वर्षभर पुरेल. साहेबांनी नख लावलं, नख घसरलं. शिंग नापास. ते खुंटीवर टोप्या अडकवायला लावलं. "वर्षभर पुरते म्हनजे दातापक्षा घट्ट आहे ना," ते म्हणाले. "मंग आधी काय तुटन?"

दुसरा नियम कड्याचा. पार्सल जांभई देई तेव्हा त्याच्या जबड्याचं माप घेऊन त्यांनी तारेचं एक कडं वळवलं होतं. ते कडं सदऱ्याच्या खिशात असे. चेंडू, लाकडी चाक, नारळाच्या करवंटीचा तुकडा, काहीही असो, कड्यातून आरपार गेलं की नापास. "कड्यातून गेलं ते नरड्यातून गेलं," असं ते म्हणत, आणि हे वाक्य त्यांनी इतक्यांदा म्हटलं की गल्लीतल्या बायका लेकरांच्या हातातून बटणं, चिंचोके काढून घेताना तेच म्हणू लागल्या. उन्हाळ्यात आंब्याची कोय दिसली की साहेबांचा जीव खालीवर होई. अख्ख्या गल्लीत फिरून ते कोया गोळा करत आणि कुंपणापलीकडे नेऊन पुरत. त्या कुंपणाला पुढे आंब्याची पाच-सहा रोपं आली.

तिसरी परीक्षा रंगाची, आणि ती ते स्वतःच्या जिभेनं घेत. एकदा बाजाराच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर होते. खेळण्यांच्या दुकानात लाल रंगाचा लाकडी पोपट होता. साहेबांनी उचलला, नख लावलं, कडं लावलं, मग सरळ चाटला.

दुकानदार ओरडला, "ओ साहेब, उष्टं केलं ना खेळणं! आता घ्याच लागते!"

"घेतो ना," साहेब म्हणाले, आणि जीभ बाहेर काढून मला विचारलं, "लाल झाली का?"

झाली होती. मग काय, खाकी कोट घातलेला साठीचा माणूस भर बाजारात जीभ बाहेर काढून उभा राहिला. लेकरू काखेत घेऊन जी बाई जाईल तिला जीभ दाखवायचे आणि सांगायचे, "रंग सुटते याचा. लेकराच्या तोंडात देऊ नोका." दुकानदारानं हात जोडले. पुढच्या बाजाराला त्यानं स्वतः हाक मारली, "साहेब, हे कोरं ठिवलं तुमच्यासाठी, बिनरंगाचं." सागाचा गुळगुळीत बैल होता. साहेबांनी नख लावलं. नापास. पण त्या दुकानदाराशी त्यांची दोस्ती झाली ती कायमची.

मग पास काय होत असे? फार थोडं. इंजिनखान्यातून मिळालेला भरीव रबराचा एक मोठा गुटका, जो त्यांनी चारदा उकळून घेतला होता. कोऱ्या सुताच्या दोरीची नारळाएवढी गाठ. हिवाळ्यात जाड गाजर. आणि तीन दिवस उन्हात वाळवलेली ज्वारीची भाकर. एवढंच. पण पास झालेल्या वस्तूवरही त्यांचा विश्वास नसे. गाठीचा एक धागा लोंबला की कात्री. रबराचा गुटका दर रविवारी कोपऱ्यावरच्या वाण्याकडे नेऊन तराजूत टाकायचे. वाणी आधी हसायचा, मग सवयीनं स्वतःच वजन आठवून सांगायचा. एका रविवारी गुटका थोडा हलका भरला. साहेबांचा चेहरा पडला.

"तुकडा कुठी गेला?" ते म्हणाले.

तुकडा अंगणात शोधला, खाटेखाली शोधला. नाही सापडला. मग दोन दिवस ते सकाळी काठी घेऊन पार्सलच्या मागे मागे गावाबाहेर जात आणि त्याची विष्ठा काठीनं उकरून पाहत. तिसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत निघाले होते. ते समोरून आले, चेहरा उजळलेला. नुसती खिशातली हिरवी झेंडी काढून मला दाखवली.

कुत्र्याच्या तोंडातून वस्तू हिसकायची नाही, असाही त्यांचा दंडक होता. शिट्टी वाजवायची, हातात भाकरीचा तुकडा धरायचा आणि वाट पाहायची. पार्सल यायचा, गुटका पायाशी टाकायचा, भाकर घ्यायचा. "हिसकलं का गिळते, देल्लं का सोडते," ते म्हणत. मी हसत असे. पण माझ्या वर्गातल्या एका मुलीला खोडरबर चघळायची सवय होती. मी एकदा तिच्यावर ओरडले, हात पुढे केला, तर तिनं घाबरून ते गिळलंच. सुदैवानं काही झालं नाही. पुढे दुसरी एक मुलगी पेन्सिलचं टोपण तोंडात घालून बसलेली दिसली तेव्हा मी गुपचूप तिच्यापुढे मूठभर बोरं ठेवली. तिनं टोपण काढून माझ्या हातात दिलं आणि बोरं घेतली. त्या दिवशी संध्याकाळी हे मी साहेबांना सांगितलं. त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी तो किस्सा वाण्याला, दुकानदाराला आणि पोस्टमनला सांगितला, आणि प्रत्येक वेळी पार्सलकडे बोट दाखवून म्हणाले, "याची कृपा."

त्यांना घरचं माणूस नव्हतं. बायको तरुणपणीच गेली. एक मुलगा नागपूरला होता, तो बोलवायचा, पण कुत्र्याला सोडून या म्हणायचा. साहेब त्याला पोस्टकार्डावर एकच ओळ लिहीत: इकडे सर्व ठीक आहे. चौसष्टला माझी यवतमाळला बदली झाली, त्यानंतर दोनतीनदा मी भेटायला गेले. पुढे ते गेल्याचं कळलं तेव्हा पार्सल आधीच गेलेला होता, म्हातारा होऊन, झोपेत. वाण्यानं मला मुद्दाम सांगितलं की शेवटपर्यंत त्याचे सगळे दात शाबूत होते.

पण मला त्यांची आठवण येते ती या सगळ्यापेक्षा एका आठवड्यामुळे. साठ सालचा हिवाळा होता. आम्हाला त्या घरात दीड वर्ष झालं होतं. रविवार होता, आईनं मटण केलं होतं. साहेब बाहेर गेले होते. पार्सल आमच्या उंबऱ्याशी बसून आईकडे बघत होता. पडलेला कान आणखी पडलेला, तोंडातून लाळेची तार.

"मुका जीव असा पाह्यते अन् आपण हाडकं मातीत गाडतो," आई म्हणाली. "मले पाप वाटते. गावात आपली कुत्री जलमभर हाडकंच खात होती. एक तरी मेलं का?"

मी वह्या तपासत होते. मी ऐकलं. नको म्हणायला हवं होतं, म्हटलं नाही. आईनं जाडशी नळी निवडली. एवढी जाड फुटत नाही, असं तिला वाटलं असेल. पार्सल ती घेऊन अंगणाच्या कोपऱ्यात गेला.

तासाभरात त्याच्या घशातून विचित्र आवाज येऊ लागला. तो पुढच्या पायांनी तोंड ओरबाडत होता, मान मागे टाकत होता, तोंडातून रक्त मिसळलेला फेस. साहेब परत आले तेव्हा गल्ली जमा झाली होती. त्यांनी पार्सलजवळ बसून त्याचं तोंड पाहायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

"हाडूक," ते म्हणाले. "कोनं टाकलं?"

मग समोरच्या काकू म्हणाल्या, "कोण टाकीन? हाडकं शिजतात ते घर तुमच्याच वाड्यात आहे. तवाच सांगतलं होतं तुमाले."

साहेबांनी आईकडे पाहिलं. आईच्या डोळ्यांत मला ती चार घरं दिसली, जिथं आम्हाला खोली मिळाली नव्हती. ती म्हणाली, "आमच्या घरचं नाई."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मास्तरीण. रोज सकाळी प्रार्थनेनंतर चाळीस मुलींना खरं बोला म्हणून सांगणारी. मी खाली पाहिलं.

त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. कुत्र्याला घोंगड्यात गुंडाळलं आणि निघाले. गुरांचा डॉक्टर यवतमाळला. मोटारवाला कुत्रं घेईना. पण दुपारची छोटी गाडी यायची होती आणि तिच्यावरचा गार्ड यांच्याच हाताखाली शिकलेला होता. आई पायात चप्पल न घालता त्यांच्या मागे निघाली. मी दार लावून धावत गेले. आम्ही तिघं शेवटच्या डब्यात बसलो, पार्सल साहेबांच्या मांडीवर. ती गाडी किती हळू चालायची ते ज्यांनी तिच्यातून प्रवास केलाय त्यांनाच ठाऊक. माणूस उतरून चालत गेला तर तिच्या आधी पोचेल, असं लोक थट्टेनं म्हणत. त्या दिवशी मला ती थट्टा आठवली आणि रडू आलं. साहेब सबंध वाटभर पार्सलच्या कपाळावर तोच नखाचा अंगठा फिरवत होते. हलक्या हातानं, नख न लागू देता.

दवाखान्यात पोचलो तेव्हा दिवस कलायला आला होता. डॉक्टर तरुण होता. त्यानं पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"मी बैलाचं तोंड उघडतो रोज. याचं मला नाही जमणार. तोंड तुम्ही उघडून धरा, मग मी चिमटा घालतो."

साहेबांनी खिशातून झेंडीची काठी काढली, दातांमध्ये आडवी धरायला. मग थांबले. काठी कडक होती, दात मोडले असते. ते इकडेतिकडे बघू लागले. आईनं आपल्या लुगड्याच्या पदराची पट्टी टर्रकन फाडली आणि काठीला गुंडाळून दिली. दोघांनी मिळून जबडा उघडला. आईनं खालचा धरला, साहेबांनी वरचा. डॉक्टरानं लांब चिमटा आत घातला. पार्सल तडफडला, काठी निसटली आणि त्याचे दात साहेबांच्या तळहातात घुसले. त्यांनी हात काढला नाही. उलट तसाच आत रेटून जबडा उघडा ठेवला आणि म्हणाले, "काढा. मी आहे."

चिमटा बाहेर आला. सुईसारखं टोक असलेली हाडाची कपची होती, बोटाएवढी. डॉक्टरानं ती पत्र्याच्या ताटलीत टाकली. टण् असा आवाज झाला.

आई त्या कपचीकडे बघत होती. मग ती म्हणाली, "म्या देल्लं. आमच्या घरचंच व्हतं. म्या खोटं बोलली."

साहेबांनी ऐकलं. डॉक्टर त्यांच्या हाताला आयोडीन लावत होता. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं आम्ही परत आलो. वाटेत ते आमच्याशी बोलले नाहीत.

पुढचे तीन दिवस त्यांच्या खोलीचं दार लोटलेलंच होतं. पार्सलला ते दुधात कुस्करलेली भाकर बोटानं भरवत, तेवढं फटीतून दिसे. आईनं चूल पेटवली पण ती जेवली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं ट्रंक काढली आणि भांडी भरायला घेतली. "त्यानं काढाच्या आधी आपण जावं," ती म्हणाली. "त्यानं तोंडानं म्हटलं तर मले नाई सोसणार." मी शाळेत जाऊन खोलीचं कुणाला विचारायचं त्याची मनातल्या मनात यादी करत होते.

गुरुवारी दुपारी, मला अर्धी सुट्टी होती, साहेब आमच्या दाराशी आले. एक हात बांधलेला, दुसऱ्या हातात पळसाच्या पानात बांधलेलं मटण.

"माय, हे शिजवा," ते म्हणाले. "मी बी जेवाले येतो."

आई ट्रंकेजवळ बसली होती. ते त्यांच्या सवयीनं जरा मोठ्यानंच बोलले होते, आणि समोरच्या ओट्यावर काकू डाळ निवडत बसल्या होत्या. दीड वर्षात साहेबांनी आमच्याकडचा चहा घेतला होता, कधी भाजी वाटीत नेली होती. पण उंबऱ्याच्या आत बसून जेवले नव्हते. त्या दिवशी ते आत आले, भिंतीशी पाट ओढून बसले. दार उघडं होतं. काकूंच्या हातातलं सूप हलायचं थांबलं होतं.

ते दोन भाकरी जेवले. डाव्या हातानं, कारण उजवा बांधलेला. रस्सा तिखट झाला होता, कपाळावरून घाम ओघळत होता, तरी "आनखीन वाढा" म्हणाले. आई वाढत होती आणि डोळे पुसत होती. मी पण तिखटाचं निमित्त करून घेतलं. जेवण झाल्यावर त्यांनी तिघांच्या ताटांतली हाडकं एका कागदात गोळा केली आणि अंगणात गेले. पार्सल खोलीत बांधलेला होता.

त्यांनी कुदळ उचलली. आईनं ती त्यांच्या हातातून काढून घेतली. "हात भरला नाई अजून. आना इकडं." ती खणू लागली. ते शेजारी उभे राहिले, कागदाची पुडी छातीशी धरून.

"तुमी मले बोलले काहून नाई?" आईनं खणता खणताच विचारलं. "शिव्यांची लाखोली वायली असती तर बरं वाटलं असतं."

ते जमिनीकडे बघत सांगू लागले.

"नोकरीत असतानी एका बारक्या ठेसनावर एक कुत्रं ये. पांढरं, पाठीवर काळा डाग. गाडीची शिट्टी आयकली का पळत ये अन् बरोबर माह्या डब्याम्होरं उभं राहे. मी माह्या जेवनाच्या डब्यातलं हाडूक टाको. सात-आठ वर्सं टाकलं. मले वाटे, मी त्याले पोसून राह्यलो. एक दिस ते आलं नाई. दुसऱ्या दिशी बी नाई. तिसऱ्या दिशी पॉइंटमनले इचारलं. तो म्हने, साहेब, तुमी टाकलेलं हाडूक अडकलं त्याच्या नरड्यात. दोन दिस फाटकापाशी पडून व्हतं. गाडी आली का मान उचले."

आईची कुदळ थांबली होती.

"त्या दोन दिसात मी चारदा गेलो तिथून, माय. मले दिसलंच नाई ते. मी दुसऱ्या बाजूनं झेंडी दाखवत व्हतो." त्यांनी नाक पुसलं. "मंग तुमाले मी कोन्या तोंडानं बोलू?"

पलीकडे खोलीत पार्सल दार ओरबाडत होता. घसा बरा होत आला असावा, कारण तो भुंकलाही, जरा घोगरं.

"नाव काय व्हतं त्याचं?" आईनं विचारलं.

"नाव?" साहेब गोंधळले. त्यांनी आठवल्यासारखं केलं, मग मान हलवली. "नाव नाई ठेवलं. दोनच मिनिटं थांबे ना गाडी."

आईनं कुदळ बाजूला ठेवली. त्यांच्या हातातली पुडी घेतली आणि खड्ड्यात टाकली नाही, वाकून हळूच ठेवली. मग पसाभर माती घेऊन वर सोडली आणि त्यांच्याकडे पाहिलं. गार्डसाहेब गुडघ्यावर बसले. बांधलेल्या हातानं त्यांनीही माती उचलली आणि खड्ड्यात सोडली.